फ्लेक्सवरची मी

मी अधिकारी झाले ही बातमी सगळ्यांत शेवटी मला कळली.

शुक्रवारची संध्याकाळ होती. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मी एका चार वर्षांच्या मुलाच्या कानाचा साचा चाकावर घासत बसले होते. श्रवणयंत्राचा जो भाग कानाच्या आत बसतो, तो ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाने बनवावा लागतो. ते काम मी करते. चाक चालू असताना फोन ड्रॉवरमध्ये, हा आमच्या मॅडमचा नियम. चाक बंद करून ड्रॉवर उघडला तर एकेचाळीस मिस्ड कॉल. आमच्या घरून इतके फोन एकाच कारणासाठी येऊ शकतात, असं मला वाटलं.

पहिला फोन मामाला लावला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. तोही बिबवेवाडीतच राहतो, कारखान्यात नोकरीला आहे.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"कोण जाते? वेडी का तू?" मामा ओरडला. मागे चार-पाच माणसांचा गलका ऐकू येत होता. "तुझं नाव आलं यादीत! नायब तहसीलदार झालीस तू, अन् फोन उचलत नाहीस. आतापासूनच?"

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसले, नसती तर जमिनीवरच बसले असते. कारण ती परीक्षा मी दिलीच नव्हती. त्या वर्षीची नाही, आणि त्याच्या आदल्या वर्षीचीही नाही.

हे नीट सांगायला हवं. आमचं गाव पार पूर्वेकडे, पुण्यापासून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. बाबा एसटीत कंडक्टर होते. आमच्या वस्तीत विहाराशेजारी वाचनालय आहे आणि तिथल्या भिंतीवर वस्तीतून जे साहेब झाले त्यांचे फोटो आहेत. त्या भिंतीवर एकाही मुलीचा फोटो नव्हता. बारावीला मला चांगले मार्क मिळाले त्या दिवशी बाबा तिथे गेले आणि फोटोची जागा बघून आले, असं आई सांगते. पदवी झाल्यावर मी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आले, पेठेतल्या एका अभ्यासिकेत साडेपाच वर्षं बसले. प्लायवूडचे कप्पे, डोक्यावर पंखा, समोर भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेले, एकदा तर तीन मार्कांनी राहिले. तीन मार्कांनी राहिलेल्या माणसाला सगळे सांगतात, आता सोडू नकोस. मीही स्वतःला तेच सांगत राहिले.

मग हातखर्चासाठी म्हणून तीन महिन्यांकरता या लॅबमध्ये लागले. लेबल लावायचं काम होतं. एक दिवस मॅडमनी माझ्या हातात कोरण्याचं हत्यार दिलं आणि म्हणाल्या, "अर्जावर हस्ताक्षर बरं दिसतंय तुमचं. बघू, हात पण तसाच आहे का." हात तसाच निघाला. साचा एका केसाएवढा सैल झाला तरी यंत्र कानात शिट्टी मारत राहतं. मूल वैतागून ते काढून फेकतं, मग आई ते कपाटात ठेवते, आणि मूल पुन्हा बहिरं ते बहिरंच. साचा बरोबर बसला तर काहीच होत नाही. शिट्टी नाही, दुखणं नाही. मूल यंत्र विसरून खेळायला जातं. मी बनवलेला साचा तक्रार होऊन परत आला नाही, की मला जे वाटायचं ते साडेपाच वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. तीन महिन्यांची अडीच वर्षं झाली. पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी भरलाच नाही. शेवटची तारीख निघून गेली त्या दिवशी मी कर्वेनगरच्या माझ्या खोलीवर चक्क शिरा करून खाल्ला.

घरी मात्र सांगितलं नाही. आज सांगू, निकाल लागला की सांगू, आईचं ऑपरेशन होऊ दे मग सांगू. बाबा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी वर्तमानपत्रातली परीक्षेच्या कामाची कात्रणं काढायचे. लाल पेनाने ओळी अधोरेखित करायचे, फोटो काढायचे आणि पावणेसात वाजता मला पाठवायचे. मी अंगठा पाठवायचे. अडीच वर्षं, रोज एक अंगठा. खोटं बोलतोय असं त्यात वाटायचंही नाही, कारण मी काही बोलतच नव्हते.

तर मामाने काय केलं होतं? आमच्या जिल्ह्यातल्या, पुण्यात राहणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी 'आपल्या जिल्ह्याचे यशवंत' म्हणून यादी टाकली. त्यात आडनाव, नाव आणि वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, एवढंच. तिन्ही माझ्याशी जुळत होती. आमच्याकडे हे नाव आणि हे आडनाव घरोघरी आहे, पण मामाला ती शंका येण्याचं कारणच नव्हतं. त्याची भाची आठ वर्षं पुण्यात तयारी करते आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मला एकदा फोन केला, मी उचलला नाही, मग त्याने जगाला फोन केला.

"मामा, ती मी नाही," असं मी म्हणाले. खरंच म्हणाले. पण तिकडे कोणीतरी "साहेबबाई, पार्टी!" असं ओरडलं, मामाने "रविवारी सत्कार, हॉल बुक झाला" एवढं सांगितलं आणि फोन ठेवला. पुढच्याच मिनिटाला बाबांचा आला.

बाबा रडत होते. मी जन्मात कधी त्यांना रडताना ऐकलं नव्हतं. आजी गेली तेव्हाही ते अंगणात उभं राहून लोकांना पाणी देत होते. मला वाटलं फोन बिघडलाय. मग समजलं की हा आवाज त्यांचाच आहे. मागे घर माणसांनी भरलेलं होतं आणि फोन स्पीकरवर होता. "बोल बेटा, सगळे ऐकून राह्यले," ते म्हणाले.

त्या सगळ्यांच्या समोर मी काय बोलणार होते? मी म्हणाले, "बाबा, जेवून घ्या."

"आता काय जेवतो! मी निघतो उद्या. तहसीलदारीणबाईच्या सत्काराले बाप नको?" नायब हा शब्द त्यांनी तेवढ्यातच गाळून टाकला होता.

शनिवारी सकाळी कामावर जाताना मी तो फ्लेक्स पाहिला. हॉलच्या फाटकावर, भाजीच्या गाड्यांच्या वर, आठ फुटी. त्यात मध्यभागी मी. चुलतबहिणीच्या लग्नातला फोटो होता, जांभळ्या साडीतला. शेजारी उभ्या असलेल्या काकूला कापून टाकलं होतं, पण तिचा हात तसाच माझ्या खांद्यावर राहिला होता. खाली सोनेरी अक्षरांत माझं नाव आणि ते पद. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत राहिले. भाजीवालीने एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, तुम्हीच ना?" मी नाही म्हणाले. दोन दिवसांत कोणीतरी ऐकून घेतलेलं माझं ते एकमेव खरं वाक्य.

लॅबमध्ये मॅडम चहा घेत होत्या. फ्लेक्स त्यांनीही पाहिला होता.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "सोमवारी येताय की शपथविधी आहे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मामाने कशी घाई केली, लोक कसे चौकशी न करता फ्लेक्स छापतात, हे जरा जास्तच तिखट करून सांगितलं. त्यांनी चहा पीत ऐकलं. शेवटी कप खाली ठेवला.

"मामांनी एक दिवस घाई केली. आपण अडीच वर्षं काय करत होतात?" त्या म्हणाल्या. "वडील आले की पहिलं काम ते करा. आणि चार नंबरचा साचा डावीकडून जाड आहे, तो आज संपवा."

राग आला मला त्यांचा. मनातून मला कोणीतरी जवळ घ्यायला हवं होतं, आणि ही बाई चार नंबरचा साचा घेऊन बसली होती. मी तो संपवला. चांगला झाला, हेही सांगते.

रविवारी सकाळी आठला बाबा माझ्या खोलीवर आले. सत्कार अकराला होता. माझ्याबरोबर राहणारी मैत्रीण गावी गेलेली, त्यामुळे खोलीत आम्ही दोघंच. मी ठरवलेलं होतं. चहा ठेवायचा, समोर बसायचं आणि सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं: बाबा, यादीतली मुलगी दुसरी आहे, आणि मी अभ्यास सोडलाय. त्यात एकही अवघड शब्द नव्हता.

बाबांनी आंघोळ केली. बॅगेतून पांढरा शर्ट काढला, मला इस्त्री मागितली आणि स्वतःच करत बसले. कॉलर दोनदा केली. मी गॅसजवळ उभी होते.

"गाडी मिळते ना तुले?" त्यांनी विचारलं. "ड्रायव्हर कोणता देतात ते पाहून घेजो. सुरुवातीलाच त्याचं नाव विचारायचं. साहेब लोक नाव विचारत नाही, मग तो मन लावून चालवत नाही."

मी "हो" म्हणाले.

मग त्यांनी बॅगेतून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात कात्रणं होती, खरी, कागदाची. मला त्यांचे फोटो यायचे. मूळ कात्रणं ते महिन्याप्रमाणे दोऱ्याने बांधून ठेवत होते, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी गठ्ठा हातात घेतला आणि जरा लाजत, खरंच लाजत, विचारलं, "यातलं काही आलं होतं काय इंटरव्ह्यूत?"

आणि मी म्हणाले, "आलं होतं. एक."

"कोणतं?"

"सिंचनाचं."

त्यांनी मान हलवली. दोनदा हलवली. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले, आणि पुन्हा इस्त्रीकडे वळले.

त्या क्षणाचा धक्का अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. फ्लेक्सचा नाही, फोनचा नाही, या एका शब्दाचा. तोवर मी स्वतःला समजावत होते की मी फक्त गप्प आहे. आता मी माझ्या तोंडाने, ठणठणीत आवाजात, न दिलेल्या परीक्षेच्या न झालेल्या मुलाखतीतला प्रश्न सांगितला होता. एवढं सहज आलं ते, की मीच दचकले. चहा उतू गेला. मी गॅस पुसत बसले, कारण पुसताना पाठ वळवता येते. आणि तिथेच मी ठरवलं की आता इथे नाही, हॉलमध्ये सांगायचं. जिथे चूक झाली तिथेच दुरुस्त करायची, सगळ्यांसमोर, एकदाच. मला ते फार धीराचं वाटलं. तेव्हा आमच्याकडे अजून दीड तास होता.

हॉल भरला होता. तीनशे तरी माणसं असतील. मंचावर सहा खुर्च्या, पाच मुलगे आणि मी. गेल्या गेल्या कोणीतरी बाबांना हार घातला, मामा त्यांना कुठेतरी घेऊन गेला आणि मला वर बसवलं. एकेका मुलाने भाषण केलं. आईवडिलांचे कष्ट, चिकाटी, स्वप्नं मोठी ठेवा. मीही ही भाषणं साडेपाच वर्षं खालून ऐकली होती, वही घेऊन. यादीतली ती दुसरी मुलगी कुठे असेल, तिला कोणी हार घातला असेल का, हे तिथे बसल्यावर पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

माझं नाव पुकारलं. शाल पुढे आली. मी हात जोडून ती थांबवली आणि माइक घेतला.

"यादीतली मुलगी मी नाही," मी म्हणाले. "नाव सारखं आहे. मी ही परीक्षा दिलेली नाही. अडीच वर्षांपासून मी अभ्यासच करत नाही."

शाल धरलेले मंडळाचे अध्यक्ष शाल धरूनच उभे राहिले. मागून कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. मला वाटलं होतं एवढ्यावरच थांबेन, पण उलट झालं. बोलणं सुटलं. मी सांगितलं की इथून चार गल्ल्या पलीकडे मी कानाचे साचे बनवते. मुलं वाढतात तसे कान वाढतात, म्हणून लहान मुलांचे साचे काही महिन्यांनी पुन्हा करावे लागतात, आणि काही मुलांचे मी चार-चार वेळा केलेत. बसलेला साचा कसा ओळखायचा तेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "मी नापास होऊन तिथे गेले असं म्हणा, पण आता मी तिथे नापास म्हणून नाही. मला ते काम येतं. मला माझं यश तिथे दिसतं. हा सत्कार ज्या मुलीचा आहे तिला शोधा आणि तिला बोलवा."

टाळ्या वाजल्या. आधी एक-दोन, मग बऱ्याच. मला पेढे वगैरे काही नको होते, पण त्या टाळ्या मला हव्या होत्या, हे कबूल करते. खाली उतरले तर एका बाईने हात धरला आणि सासूबाईंचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून पत्ता विचारला. दोन मुली आल्या, म्हणाल्या, ताई, तुम्ही बोललात ते आम्हाला बोलता येत नाही. माझे कान गरम झाले होते. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी माझ्या शब्दांवर उभी राहिले, असं काहीतरी मनात चाललं होतं.

मग मामा समोर आला.

"बाबा कुठे आहेत?" मी विचारलं.

"बाहेर गेले," तो म्हणाला.

बाबा फाटकाबाहेर उभे होते, बॅग खांद्याला लावून. गळ्यातला हार काढून त्यांनी नीट गुंडाळून हातात धरला होता. मी धावतच गेले. मला वाटलं ते रागावतील, आणि रागावले असते तर मला उत्तरं माहीत होती. ती मी अडीच वर्षं तयार करत होते.

"बाबा, मला सांगायचंच होतं..."

"काम चांगलं आहे तुझं," ते म्हणाले. "समजलं मले. लहान लेकरायचे कान. चांगलं आहे. तू सांगतलंही चांगलं."

हे मला अपेक्षितच नव्हतं.

"तहसीलदार नाही झालीस त्याचं काही नाही. माणूस एकाच गाडीत बसते काय?" त्यांनी रिक्षाला हात केला. "स्टेशनवर जातो मी."

"आज राहा ना बाबा. संध्याकाळी बोलू आपण."

"सकाळी तं दोघंच होतो खोलीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. उतारूला सुट्टे परत देताना जसा असायचा तसाच होता. "तीनशे लोकायले सांगायची हिंमत झाली तुले. मले सांगतलं असतं तं मी तुले खाल्लं असतं काय?"

एवढी तयार केलेली उत्तरं, त्यातलं एकही या प्रश्नाचं नव्हतं. मला कळत होतं की मी आत जे धाडस म्हणून केलं ते इथे पळणं ठरलं होतं. तीनशे अनोळखी माणसांसमोर माझं काहीच जाणार नव्हतं. ज्याच्यासमोर जाणार होतं, त्यालाही मी त्यांच्यातच बसवून एकदम सांगून टाकलं. मी माझं यश माझं मी ठरवलं, असा माझा केवढा तोरा होता. ते ठरवल्याचं त्या माणसाला सांगायची वेळ आली तेव्हा मी माइक शोधला.

रिक्षा थांबली. बाबांनी बॅग आत ठेवली, स्वतः बसले, मग बाहेर वाकून माझ्याकडे बघितलं.

"तू वर बोलत होतीस, तेव्हा मी कुठं बसलो होतो? पाह्यलं होतं तू?"

रिक्षावाला वाट बघत होता. मी आठवायचा प्रयत्न केला. पहिली रांग, शालवाले अध्यक्ष, मागचा हसणारा माणूस, पत्ता विचारणारी बाई, सगळे आठवले.

मी पाहिलं नव्हतं.